विद्यार्थ्यांचा गेम शो : सेटआधी खेळ तपासा, या चुका टाळा

पुण्यातल्या महाविद्यालयीन गटाने स्वतःचा गेम शो करायचे ठरवले, की पहिली फेरी टिंबर मार्केटला होते आणि दुसरी तपकीर गल्लीत. प्लायवूड येते, एलईडीच्या पट्ट्या येतात, आणि नियम मात्र चित्रीकरणाच्या आदल्या रात्री लिहिले जातात. बाकीच्या बहुतेक चुका या एका चुकीच्या पोटातून निघतात. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमींची सवय याला थोडी कारणीभूत असावी, असे मला वाटते. एकांकिकेत पुढचे वाक्य ठरलेले असते. इथे स्पर्धक काय करील हे संहितेत नसतेच, म्हणून तालीम निवेदकाच्या वाक्यांआधी नियमांची व्हायला हवी.

त्यासाठी चिठ्ठ्या आणि मोबाइलवरचे स्टॉपवॉच पुरते. खेळ पाच-सहा वेळा, दर वेळी नव्या खेळाडूंना घेऊन खेळवावा आणि नियम रचणाऱ्याने त्या वेळी तोंड बंद ठेवून वही उघडी ठेवावी. ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ असे खेळाडूने विचारले, की तो नियम पुन्हा लिहावा. गुणांचा हिशेबही इथेच उघडा पडतो. आमच्या पहिल्या प्रयोगात आधीच्या फेऱ्यांत प्रत्येक उत्तराला 10 गुण होते आणि शेवटच्या प्रश्नाला 100. तळाला असलेली मुलगी एका उत्तरावर जिंकली आणि आधीची वीस मिनिटे कशासाठी पाहिली, असे प्रेक्षकांना वाटले. शेवटची फेरी जड असावी, पण मिळवलेली आघाडी पुसून टाकण्याइतकी नव्हे.

प्रश्नाला एकच उत्तर आहे ना, हे प्रश्न लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्याने तपासावे. ‘पुण्यातून कोणती नदी वाहते?’ या प्रश्नाला आमच्या कार्डावर ‘मुठा’ होते, स्पर्धक ‘मुळा’ म्हणाला, आणि संगमापर्यंत चाललेल्या वादात चित्रीकरण थांबले.

स्वतंत्र कल्पनेविषयीही भ्रम असतो. ‘कौन बनेगा करोडपती’ 1998 च्या ब्रिटिश कार्यक्रमाच्या आराखड्यावर 2000 मध्ये रीतसर उभा राहिला. त्याच्या लाइफलाइनची नावे बदलली म्हणून आपला कार्यक्रम नवा होत नाही. उलट, नुसत्या कल्पनेवर स्वामित्वहक्क मिळत नाही, तो तिच्या मांडणीला मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 च्या आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. म्हणून फेऱ्या, गुण, वेळ आणि बरोबरी सुटण्याची रीत तारखेनिशी लिहून ठेवावी.

चित्रीकरणात दिवे लुकलुकत असतील, तर आधी कॅमेऱ्याची सेटिंग पाहावी. आपली वीज 50 हर्ट्झची आहे. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50 सेकंदावर ठेवले, की बहुतेक वेळा चित्रातले लुकलुकणारे पट्टे जातात. मंद केलेल्या एलईडी पट्ट्या तरीही त्रास देतात, त्यामुळे त्या ठोकण्याआधी कॅमेऱ्यातून पाहाव्यात. बझरच्या जोडणीत पहिला दाबला जाताच बाकीचे बंद पडले पाहिजेत. वेगवेगळे दिवे लावून ‘आधी कोण’ हे डोळ्यांनी ठरवू नये. प्रत्येक स्पर्धकाला स्वतंत्र कॉलर माइक द्यावा.

स्पर्धक निघण्यापूर्वी गुणफलकाची प्रत्येक स्थिती, निवेदकाचे ‘बरोबर’ आणि ‘चूक’ आणि रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज वेगळा टिपून घ्यावा. संकलनात एखादा वादग्रस्त प्रश्न कापावा लागला, तर पुढचे सगळे गुण बदलतात आणि तेव्हा हेच तुकडे लागतात.