वर्डप्रेसमध्ये २ च्या आधी १० येतो तेव्हा
वर्डप्रेस या वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये कस्टम फील्डमधल्या (पानाला जोडलेल्या जादा माहितीच्या रकान्यातल्या) किमतीनुसार पानांची यादी लावली की क्रम १, १०, २ असा येत होता. मेटा व्हॅल्यू, म्हणजे त्या फील्डमध्ये भरलेली माहिती, डेटाबेसात मजकूर म्हणूनच साठते, त्यामुळे तुलना अक्षरांची होते. क्रम ठरवणाऱ्या ‘ऑर्डरबाय’मध्ये ‘मेटा_व्हॅल्यू’ऐवजी ‘मेटा_व्हॅल्यू_नम’ लिहिलं, क्रम सुधारला.

मात्र काही पानं गायब! ‘मेटा_की’ (फील्डचं नाव) दिली की ते फील्डच नसलेली पानं क्वेरीतून, म्हणजे डेटाबेसाकडे केलेल्या मागणीतून, गळतात, आणि एररही दिसत नाही. त्या पानांना किंमत ० भरली. चढत्या क्रमात ती वर येतात, एवढंच. तारीख असेल तर १५/०८/२०२४ नको, २०२४०८१५ अशी साठवा.

क्रमाचा हा बदल टेम्प्लेटमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) ‘क्वेरी_पोस्ट्स’ने करू नका. ‘प्री_गेट_पोस्ट्स’ हुक (क्वेरी चालण्याआधी आपला कोड जोडायची जागा) वापरा, त्यात ‘इज_मेन_क्वेरी’ने ती पानाची मुख्य क्वेरी आहे का ते तपासा. ॲडमिनची यादी वगळा. ‘क्वेरी_पोस्ट्स’ वापरलं तर यादी जितक्या पानांत विभागली जाते ती संख्या जुळत नाही आणि यादीच्या शेवटच्या पानावर ४०४ (‘पान सापडलं नाही’ ही एरर) येऊ शकतो.