एकच शेल स्क्रिप्ट, निरनिराळ्या यंत्रणा: बिघाड कसा शोधावा

उबुंटू या लिनक्स यंत्रणेवर सुरळीत चालणारी शेल स्क्रिप्ट (कमांडांची फाइल) मॅकओएसवर किंवा अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये (वेगळ्या ठेवलेल्या चौकटीत) अडली, की तिच्या ओळी बदलण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात: ती कोणता शेल (कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) वाचतो आहे आणि तिच्यातील कमांड नेमक्या कोणी बनवलेल्या आहेत.

कोणता शेल हवा ते सांगणाऱ्या पहिल्या ओळीत नुसते ‘एसएच’ असेल, तर उबुंटूमध्ये 2006 च्या 6.10 या आवृत्तीपासून डॅश हा शेल चालतो आणि अल्पाइनमध्ये बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचाचा अ‍ॅश. डॅशला अ‍ॅरे (मूल्यांची यादी) किंवा अट तपासणारे दुहेरी चौकटी कंस समजत नाहीत. हे वापरायचेच असेल, तर पहिल्या ओळीत ‘एन्व्ह’ या कमांडमार्फत बॅश हा शेल मागावा. मात्र ‘एसएच’ लिहून पुढे फाइलचे नाव दिले, तर ती पहिली ओळ निव्वळ टिप्पणी ठरते, हे पुष्कळदा नजरेतून सुटते. बॅश मागूनही मॅकओएसवर 3.2 हीच आवृत्ती मिळते, कारण पुढच्या आवृत्त्यांचा जीपीएल 3 हा परवाना अ‍ॅपलने स्वीकारलेला नाही. त्यामुळे 2009 मध्ये बॅश 4 सोबत आलेले असोसिएटिव्ह अ‍ॅरे (नावाने मूल्ये ठेवणारे) आणि ‘मॅपफाइल’ (ओळी वाचून यादीत भरणारी कमांड) तेथे चालत नाहीत.

सर्वांत जास्त त्रास मजकूर बदलणारा ‘सेड’ देतो. फाइल जागच्या जागी बदलणाऱ्या ‘आय’ या पर्यायापुढे लिनक्सवर रूढ असलेल्या जीएनयू या कमांड-संचाच्या सेडला काहीच लागत नाही. मॅकओएसवरील, बीएसडी या युनिक्स परंपरेतल्या सेडला मात्र तेथे मूळ प्रतीच्या नावाला जोडायचा प्रत्यय हवाच असतो. तो दिला नाही, तर बदलाची सूचनाच प्रत्यय मानली जाते, फाइलचे नाव सूचना म्हणून वाचले जाते आणि जो त्रुटीसंदेश येतो त्यावरून खरे कारण सहसा उमगत नाही. ‘आय’ला चिकटून, मध्ये जागा न सोडता, ‘.बीएके’ असा प्रत्यय लिहिणे दोन्हीकडे चालते. काम झाल्यावर ती प्रत पुसावी. माझ्या मते तात्पुरत्या फाइलमध्ये निकाल लिहून ‘एमव्ही’ या फाइल हलवणाऱ्या कमांडने ती मूळ फाइलच्या जागी आणणे अधिक सुरक्षित आहे, मात्र त्यात फाइलच्या परवानग्या बदलू शकतात.

‘डेट’चेही असेच आहे: कालची तारीख जीएनयूमध्ये ‘डी’ पर्यायाने, तर बीएसडीमध्ये ‘व्ही’ पर्यायाने काढतात. ओळी-शब्द मोजणारी ‘डब्ल्यूसी’ मॅकओएसवर आकड्याआधी मोकळ्या जागा सोडते, म्हणून तुलना मजकूर म्हणून न करता संख्या म्हणून करावी.

विंडोजवर संपादित केलेल्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारे जादा चिन्ह राहते आणि मग इंटरप्रिटर (पहिल्या ओळीत मागितलेला शेल) समोर असूनही सापडत नाही. ‘फाइल’ ही कमांड ते दाखवते. फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये अशा फाइलींसाठी एलएफ (लाइन फीड) हाच ओळीचा शेवट ठरवून ठेवावा.

एवढ्यानेही कारण सापडले नाही, तर ‘सेट’ला चाललेली प्रत्येक कमांड दाखवणारा ‘एक्स’ पर्याय देऊन स्क्रिप्ट दोन्ही यंत्रणांवर चालवावी, दोन्हींची नोंद फरक दाखवणाऱ्या ‘डिफ’ने ताडून पाहावी आणि जेथे पहिला फरक दिसेल तेथूनच दुरुस्ती सुरू करावी.