एलएम३३९ बदलण्याआधी या चुका टाळा

इंडक्शन शेगडीचा बोर्ड टेबलावर आला, फ्यूज बघितला, ब्रिज (एसीचा डीसी करणारा) बघितला, आयजीबीटी (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा मोठा स्विच) बदलला आणि तरी गाडी पुढे सरकेना, की हात आपोआप त्या १४ पायांच्या एलएम३३९ कडे, म्हणजे चार कंपॅरेटरच्या (दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या) आयसीकडे जातो. दहा-वीस रुपयांचा आयसी, काढा आणि टाका दुसरा. मी पण वर्षानुवर्षं हेच केलंय.

एक बोर्ड होता, नवीन आयजीबीटी टाकून भांडं ठेवलं की फट्. दोनदा ३३९ बदलला, दुसऱ्या वेळी एक पॅडच उखडून हातात आला मग जंपर मारत बसलो. शेवटी सापडलं काय, तर कॉइलच्या टोकाकडून कंपॅरेटरच्या इनपुटला जे मोठे रेझिस्टर येतात त्यातला एक, नारिंगी-नारिंगी-पिवळा, म्हणजे ३३० के (किलोओहम), तो मीटरवर १ मेगच्या वर दाखवत होता. दिसायला एकदम कोरा, ना काळा पडलेला ना फुटलेला. कॉइलच्या दोन टोकांची तुलना करून आयजीबीटी कधी ऑन करायचा ते तिथे ठरतं, एक टोक चुकीचं दिसलं की तो भलत्या क्षणी ऑन होतो आणि उडतो. आयसीला जे दिसत होतं तेच तो इमानदारीत सांगत होता.

हे रेझिस्टर बोर्डवरच तपासता येतात, सप्लाय काढून, कपॅसिटर डिस्चार्ज करून. बोर्डवर असताना बाकीच्या पार्टमुळे रीडिंग कमी येऊ शकतं, ते चालतं, पण लिहिलेल्या किमतीपेक्षा जास्त आलं (आणि मीटर स्थिर झाला) तर तो रेझिस्टर गेलाच समजा, पाय उचलून बघायची पण गरज नाही.

आता सगळ्यात कॉमन घोळ. लोक आधी आउटपुट मोजतात. आउटपुटला काहीतरी अर्धवट व्होल्टेज दिसतं, ना हाय ना लो, की लगेच आयसी खराब! अरे पण ३३९ आणि त्याचा दोन कंपॅरेटरवाला भाऊ ३९३, दोन्हीचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे आयसी फक्त खाली ओढू शकतो, वर न्यायचं काम बाहेरचा पुलअप रेझिस्टर करतो. तो ओपन असला किंवा त्याचा ५ व्होल्टच येत नसला तर नवा आयसी टाकूनही तेच दिसणार. त्यामुळे क्रम उलटा करा. आधी सप्लाय, ३३९ मध्ये ३ नंबरला प्लस आणि १२ नंबरला ग्राउंड. मग दोन्ही इनपुट मोजा आणि मनात उत्तर काढा, प्लस इनपुट जास्त असेल तर आउटपुट हाय हवं, मायनस जास्त असेल तर लो. त्यानंतरच आउटपुटला प्रोब लावा. जोड्या पाठ करून ठेवा, ४-५ चं आउटपुट २ वर, ६-७ चं १ वर, ८-९ चं १४ वर, १०-११ चं १३ वर, आणि प्रत्येक जोडीत सम नंबर मायनस. १ आणि २ मध्ये मी कितीतरी वेळा गोंधळलोय.

हाय हवं आणि लो दिसतंय? तरी थांबा. ओपन कलेक्टर असल्यामुळे डिझाइनवाले दोन-तीन आउटपुट एकत्र बांधतात, त्यातलं एकजण खाली बसला की सगळेच खाली. ट्रॅक बघा, दुसऱ्या जोडीचे इनपुट बघा, नाहीतर एक पाय उचला. मात्र लो हवं आणि साधारण १० के चा पुलअप असताना आउटपुट एक-दीड व्होल्टवर लटकलंय, तर मग आयसीवर संशय घ्यायला हरकत नाही, तिथे अर्ध्या व्होल्टच्या बरंच आत यायला पाहिजे. अजून एक, ५ व्होल्ट सप्लायवर दोन्ही इनपुट साडेतीनच्या वर असले तर आउटपुटवर भरवसा ठेवू नका, ती या आयसीची मर्यादाच आहे, सप्लायपेक्षा दीड व्होल्ट खालपर्यंतच.

मोजताना जपून बरं का. इंडक्शन बोर्डचा ग्राउंड मेनशी जोडलेला असतो आणि ब्रिजनंतर ३२५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो. ऑसिलोस्कोपचा ग्राउंड क्लिप तिथे लावलात तर धूर निघणार. आयजीबीटी काढून, सिरीज बल्ब लावून मोजा. बोट लावून आयसी गरम आहे का बघायची सवय असेल तर प्लग काढून, मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करून मगच. तसा ३३९ स्वतः जेमतेम मिलिअँपभर करंट खातो, तो गरम लागला तर खरंच काहीतरी शॉर्ट आहे.

दुकानात ३३९ नाही म्हणून एलएम३२४ (हा ऑप-अँप, म्हणजे ॲम्प्लिफायरचा आयसी) बसवणारे पण बघितलेत. दोन्ही १४ पायांचे, पण ३२४ चा सप्लाय ४ आणि ११ वर, त्यामुळे चालतच नाही. खरा धोका ३९३ च्या जागी ३५८ (हाही ऑप-अँपच) टाकण्यात आहे, कारण पाय तंतोतंत जुळतात आणि कधीकधी चालल्यासारखं पण वाटतं. पण ३५८ स्वतःहून वर ढकलतो. सप्लाय १८ व्होल्ट आणि पुलअप ५ व्होल्टला असेल तर ३९३ मायक्रोला (मायक्रोकंट्रोलर, बोर्डचा मेंदू) ५ च देतो, ३५८ तिथे सोळा-साडेसोळा नेऊन ठेवेल. दहा रुपये वाचवायला गेलात आणि मायक्रो घालवलात, आणि प्रोग्राम असलेला मायक्रो कुठून आणणार?

स्टॅबिलायझर किंवा ऑटोमॅटिक लाइटमध्ये रिले तडतड करतो ती तक्रार वेगळी. तिथे आउटपुटकडून प्लस इनपुटला परत येणारा मोठा रेझिस्टर, ४७० के, १ मेग असा, तो ओपन आहे का बघा, आणि सप्लायचा फिल्टर कपॅसिटर सुकलाय का ते पण.

काढलाच आयसी तर फेकू नका, ब्रेडबोर्डवर लावा. १२ व्होल्ट, दोन १० के रेझिस्टरने मायनस इनपुटला ६ व्होल्ट, प्लसला १० के पॉट (फिरवायचा रेझिस्टर), आउटपुट आणि १२ व्होल्टच्या मध्ये एलईडी आणि २.२ के. पॉट फिरवला की ६ च्या खाली एलईडी लागणार, वर गेला की विझणार. चारही जोड्या करा, तिघे ठीक आणि एक मेलेला असंही होतं. काढलेले ३३९ मी आता एका डबीत टाकतो आणि फुरसतीत असेच तपासतो, त्या दोनदा बदललेल्या बोर्डवरचे दोन्ही चांगले निघाले, एक अजून स्टॅबिलायझरमध्ये चालतोय.