बायोस मॉड करण्याआधी एवढं बघून घ्या
जुन्या मदरबोर्डला बायोसचे (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या, बोर्डवरच्या सॉफ्टवेअरचे) अपडेट येणं बंद झालं की स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा त्रुटीच्या फिक्ससाठी लोक थेट बायोस फाइलमध्ये नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं काम चालवणारा कोड) घुसवायला जातात, पण आधी लिनक्सवर सीपीयूइन्फो (/proc/cpuinfo) फाइलमधली मायक्रोकोडची ओळ बघा, बरेचदा ऑपरेटिंग सिस्टीमच बूट होताना नवीन व्हर्जन लोड करते आणि तेवढ्यात भागतं (तसाही मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा बसत नाही, पॉवर गेली की साफ). तरी मॉड करायचाच असेल तर सीपीयूआयडी (प्रोसेसर कुठला ते सांगणारा क्रमांक) तंतोतंत जुळवा, ३०६सी३ ला ३०६ए९ चा चालत नाही. मूळ बायोस चिपचा डंप (आतल्या डेटाची कॉपी) दोनदा घ्या, दोन्ही फाइल सेम आल्या तरच पुढे. आणि सीएच३४१ए प्रोग्रामर (चिपवर थेट लिहिणारं छोटं यूएसबी उपकरण) आणि तो चिपला जोडायची क्लिप हाताशी नसेल तर फ्लॅश मारूच नका, म्हणजे नवी फाइल चिपवर लिहूच नका, बोर्ड मेला तर बहुतेक वेळा तेच वाचवतं.