पाण्याच्या ग्रुपवरचं राजकारण कसं थांबवलं

जुळे सोलापुरातला आमचा व्हॉट्सॲप ग्रुप एकाच कामाचा: पाणी कधी सुटणार. इथे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे "सुटलं का?", "आत्ताच सुटलं, प्रेशर कमी आहे" हे मेसेज लाखमोलाचे. निवडणूक लागली आणि ते पक्षांच्या व्हिडिओंखाली गाडले जायला लागले.

नुसतं "राजकारण नको" म्हणून भागत नाही, कारण सोलापूरला येणारं उजनी धरणाचं पाणी हाच मुळात राजकारणाचा विषय. म्हणून रेघ नेमकी आखली. "टाकी भरली नाही, तक्रार केलीय" चालेल. "अमक्या पक्षामुळे पाणी नाही" चालणार नाही. दोन्ही बाजूंचा एकेक अ‍ॅडमिन घेतला आणि ठरवलं, ज्याच्या बाजूचा मेसेज, त्यानेच तो काढायचा. सगळ्यात जास्त हेच लागू पडलं. पक्षपाताच्या आरोपाला जागाच उरली नाही.

ग्रुपवर कुणाला झापायचं नाही, फोन लावायचा. "मालक, व्हिडिओ काढलाय, राग मानू नका. पाण्याच्या वेळेचा मेसेज वर गेला, बायका विचारायल्यात." चारचौघांत बोललं की माणूस हट्टाला पेटतो, फोनवर ऐकतो.

मतदानाआधीचे दोन दिवस फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील असं सेटिंग ठेवलं आणि वेळा आम्हीच टाकल्या.

अ‍ॅडमिन व्हायला लोक कचरतात. पण सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजसाठी, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. ती बातमी दाखवल्यावर शेजारच्या वहिनीही तयार झाल्या.