बातमी वाचण्याआधी मूळ कागद पाच मिनिटं बघायचा

विज्ञान, राजकारण, समाज यावरचे लेख रोज ढिगाने येतात आणि खरं काय ते शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. मी आता आधी मूळ कागद उघडते.

१. नवीन विधेयकाची बातमी असेल तर पीआरएस या विधेयकांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या साइटवर त्याचा छोटा सारांश आणि पूर्ण मसुदा दोन्ही फुकट मिळतात. मसुदा पहिल्या पानापासून वाचायला बसू नका, थेट शेवटाकडे जा, तिथे 'उद्देश व कारणे' असतात, सरकार हा कायदा का आणतंय ते त्यांच्याच शब्दात, आणि त्याच्याच पुढे बहुतेक वेळा खर्चाचंही निवेदन असतं, जे बातमीत क्वचितच येतं.

२. 'अमुक खाल्ल्याने तमुक आजार बरा होतो' टाइप बातमी आली की पबमेड या वैद्यकीय संशोधन शोधायच्या साइटवर त्यामागचा संशोधनाचा पेपर शोधा आणि फक्त सारांश वाचा. दोनच गोष्टी बघायच्या, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, आणि किती जणांवर. बऱ्याचदा तिथेच उत्तर मिळून जातं.

३. लग्नाचं वय, कुपोषण, घरातला संडास असे विषय असतील तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं डाउनलोड करा. पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, ७०७ जिल्हे आहेत, आपला जिल्हा नक्की बघा.

एक काळजी घ्या, पेपर 'प्रीप्रिंट' असेल तर तो अजून इतर तज्ज्ञांनी तपासलेला नसतो, त्यामुळे लगेच फॉरवर्ड करू नका.