ट्रायपॉडवर असूनही फोटो हलतोय? हे बटण बघा

सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाकाठी संध्याकाळी मंदिराचे फोटो काढताना कॅमेरा ट्रायपॉडवर, सेल्फ टायमर लावलेला, वारा नाही. तरी 4 सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये प्रत्येक दिव्याला दुहेरी कड येत होती. लेन्सच्या कडेचं स्टॅबिलायझेशनचं (हाताचा थरथराट सावरणारं) बटण ऑफ केलं आणि पुढचाच फोटो स्वच्छ आला. हात हलतोय असं धरून आतली काच सरकत राहते, आणि स्थिर कॅमेऱ्यावर तीच हालचाल फोटोत उतरते. काही नव्या लेन्स ट्रायपॉड ओळखतात. माझी जुनी ओळखत नाही.

हातात कॅमेरा असेल तर मात्र ते ऑनच हवं. 200 एमएम लेन्सला एरवी 1/200 सेकंदाचा शटर स्पीड लागतो, तिथे भुईकोट किल्ल्याचा बुरूज 1/50 लाही नीट येतो. पण गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) पेलून चालणारे मानकरी? तिथे स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही, कारण ते फक्त आपला हात सावरतं. मी सरळ आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवून 1/500 ठेवतो. थोडे दाणे आले तरी चालतील, चेहरा पुसट नको. धावत्या रिक्षेसोबत कॅमेरा फिरवायचा असेल तर लेन्सवर स्टॅबिलायझेशनचा मोड 2 आहे का बघा. बऱ्याच लेन्समध्ये तो फक्त उभा हलका थरथराट आवरतो.